‘बाहेरची आजी’ म्हणवून घ्यायचं का?

पत्र : माझ्या मुलीला येत्या दोन-तीन महिन्यांत बाळ होईल. जावई चिनी घरातला, अतिशय गुणी मुलगा आहे. परवा फोनवर सहज विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, बाळ माझ्या आईला ‘नायनाय’ म्हणेल आणि तुम्हाला ‘वायपो’. शब्द कानाला गोड वाटला. मग मी अर्थ शोधला. ‘वाय’ म्हणजे बाहेर आणि ‘पो’ म्हणजे म्हातारी बाई. तेव्हापासून ते मनातून जात नाही. मुलगी माझी, बाळ तिचं, आणि मी बाहेरची? त्यात विहीणबाई त्यांच्याच घरात राहतात, मी मात्र फोनवरच दिसणार. मुलीला बोलले तर ती म्हणते, ‘आई, शब्दच आहे गं तो.’ विहीणबाईंनी सुचवलं की दोघींनाही इंग्रजीत ‘ग्रॅनी’ म्हणू दे, म्हणजे प्रश्नच मिटला. मला मात्र ‘आजी’ ऐकायचं आहे. तीन-तीन भाषांत बाळाचा गोंधळ होईल का? मी हट्ट करतेय का? आणि जगात अशी एखादी भाषा नाही का, जिच्यात आजी आतली आणि बाहेरची अशी नसते? आमचे हे म्हणतात, मला काहीही म्हणा. – एक होणारी आजी

ताई,

आधी हट्टाचं बोलू. हा हट्ट नाही. ज्या भाषेत तुम्ही त्या बाळाशी बोलणार आहात, त्या भाषेतला तुमचा शब्द तुम्हाला हवा आहे, एवढीच ही मागणी आहे. ती तुम्ही मोकळेपणी करा, बाळ यायच्या आत करा आणि मुलीच्या तोंडून निरोप न पाठवता जावयाशी स्वतः बोला. कसं बोलायचं ते पुढे लिहिते. पण त्याआधी तो ‘वाय’ नीट बघायला हवा. ते शल्य मनात ठेवून तुम्ही ‘आजी’ मागितलंत, तर बोलण्यात तक्रारीचा सूर येईल, आणि तुमच्या जावयाने तक्रार करण्यासारखं काहीच केलेलं नाही.

तुम्ही शोधलेला अर्थ बरोबर आहे, तो मी गोड करून सांगणार नाही. चिनी भाषेत वडिलांची आई नायनाय, वडिलांचे वडील येये. आईकडच्यांना वायपो आणि वायगोंग. त्यातला ‘वाय’ म्हणजे बाहेर. घराणं बापाकडून मोजायचं, आडनाव तिकडचं चालवायचं, म्हणून आईचे आईवडील घराण्याबाहेरचे, असा तो हिशेब. तो फार जुना आहे. दोन हजार वर्षांहून जुन्या एका चिनी शब्दसंग्रहातही आईच्या वडिलांच्या नावापुढे हाच ‘वाय’ लावलेला आढळतो. चीनच्या प्रभावाखाली वाढलेल्या शेजारच्या भाषांतही तो पोचला. व्हिएतनामी भाषेत वडिलांची आई ‘बा नोई’ आणि आईची आई ‘बा न्गोआय’. नोई म्हणजे आत, न्गोआय म्हणजे बाहेर. कोरियन भाषेत आजीला हालमनी म्हणतात आणि आईची आई असेल तर पुढे जो शब्द जोडतात, तोही याच ‘बाहेर’च्या चिनी अक्षरातून आलेला आहे. तेव्हा तुम्हाला जे टोचलं ते खरोखर तिथे आहे. ‘शब्दच आहे तो’ असं म्हणून ते झटकून टाकण्यासारखं नाही, हे तुमच्या मुलीलाही सांगते.

हे टोचलेल्या तुम्ही पहिल्या नाही. दक्षिण कोरियात यावर बरंच बोललं गेलं आहे. तिथल्या राष्ट्रीय भाषा संस्थेने २०२० साली नात्यातल्या हाकांविषयी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. दोन्हीकडच्या आज्यांना नुसतं हालमनी म्हणावं, कोणती ते सांगायची वेळ आली तर पुढे त्या राहतात त्या गावाचं नाव जोडावं, अशी सूचना त्यात होती. चीनमध्येही काही कुटुंबं हल्ली आईच्या आईवडिलांनाही येये-नायनायच म्हणवून घेतात.

पण याच शब्दाची दुसरी बाजू तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण ती शोधताना तुमच्या हाती लागलेली दिसत नाही. २०१८ साली शांघायमध्ये दुसरीच्या भाषेच्या पाठ्यपुस्तकातल्या एका धड्यात ‘वायपो’ खोडून तिथे ‘लाओलाओ’ छापल्याचं लोकांच्या लक्षात आलं. लाओलाओ म्हणजेही आईची आई. हा उत्तरेकडचा शब्द, वायपो दक्षिणेकडचा. लाओलाओ हाच प्रमाण भाषेतला आणि वायपो बोलीतला, असं शब्दकोशाच्या आधारे त्याचं समर्थन झालं. खरं तर ज्या अक्षराचं तुम्हाला वाईट वाटलं ते अक्षरच त्यामुळे धड्यातून गेलं होतं. लोकांनी समाधान मानायला हवं होतं. झालं उलटं. लोक संतापले. आमच्या वायपोला पुस्तकातून का हाकललंत, असा सवाल देशभरातून झाला आणि शेवटी शिक्षण खात्याने मूळ शब्द परत छापायला सांगितलं.

या घटनेचा मी पुष्कळ विचार केला आहे. भांडणारे लोक शिकलेसवरलेले होते, ‘वाय’चा अर्थ त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. पण त्यांना त्या शब्दात ‘बाहेर’ ऐकूच येत नव्हतं. त्यांना त्यात एक बाई दिसत होती. तिचा आवाज, तिचं घर, तिने रागावताना घेतलेलं त्यांचं नाव. तुमचा जावई ‘वायपो’ म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा अशीच कुणीतरी होती, त्याच्या आईची आई. आपल्या आजीची हाक त्याने तुम्हाला देऊ केली. माझ्या मते त्याच्याकडे देण्यासारखा याहून मोठा मान नव्हता.

नात्यांच्या शब्दांत इतका अर्थ शोधायचा का, यावर विद्वानांचंही जुनं भांडण आहे. ल्युइस हेन्री मॉर्गन या अमेरिकी अभ्यासकाने जगभरच्या भाषांतले नात्यांचे शब्द जमवून १८७१ साली त्यावर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. या शब्दांत समाजाची जुनी कुटुंबरचना गोठून राहिलेली असते, असं त्याचं म्हणणं. १९०९ साली आल्फ्रेड क्रोबर याने त्याला आव्हान दिलं. हे शब्द आधी भाषेचे असतात, भाषेच्या स्वतःच्या चालीने घडतात, त्यांवरून समाजाबद्दल अनुमान काढायचं तर फार जपून काढावं, असं तो म्हणाला. वाद अजून पुरता मिटलेला नाही. मला स्वतःला वाटतं की शब्द घडतो तेव्हा मॉर्गन बरोबर असतो आणि तो घराघरांत वापरून गुळगुळीत झाला की क्रोबर बरोबर ठरतो. ‘वाय’ घडला तेव्हा त्यात भिंत होती. तुमच्या जावयाच्या तोंडी येईपर्यंत ती झिजून गेली आहे.

शब्दांची फोड करायला बसलं तर कुठलीच आजी सुटत नाही. फ्रेंच आजी म्हणजे ‘थोरली आई’ किंवा ‘मोठी आई’. फारसीत मादरबोझोर्ग, तीही मोठी आई. फिनिश भाषेत तेच. एस्टोनियन आणि ब्रेटन आजी सरळसरळ ‘म्हातारी आई’ असते. इंग्रजीतही पूर्वी ‘म्हातारी आई’ अशाच अर्थाचा शब्द होता, पुढे फ्रेंचच्या अनुकरणाने तिथे ‘ग्रँड’ आलं. बास्क आजीच्या नावात ‘चांगली’ हा शब्द दडलेला आहे, ती त्यातल्या त्यात भाग्यवान. इटालियन ‘नोन्ना’ हा उत्तरकालीन लॅटिनमध्ये वडीलधाऱ्या आणि मठातल्या बायकांसाठी वापरायचा आदराचा शब्द होता. त्याच शब्दापासून इंग्रजीत जोगिणीसाठी ‘नन’ आला. पण इटालियन मूल नोन्नाच्या मांडीवर बसताना मठाचा विचार करत नाही. आपलंच बघा. ‘आजा’ आणि ‘आजी’ यांच्या मुळाशी संस्कृतातला ‘आर्यक’ आहे, म्हणजे मान्य, आदरणीय. पालीत त्याचं ‘अय्यक’ झालं आणि पुढे झिजत झिजत आपल्यापर्यंत आलं. ‘आजी’ म्हणताना आपल्या मनात आदर असतो, पण तो त्या व्युत्पत्तीमुळे नक्कीच नसतो.

आता तुमचा तो सुंदर प्रश्न. आतली-बाहेरची नसलेली भाषा आहे का? पुष्कळ आहेत, आणि त्यांचे प्रकारही मोठे लोभस आहेत. एका प्रकारात दोन्ही बाजू वेगळ्या ओळखतात, पण समान पातळीवर. स्वीडिशमध्ये आईची आई ‘मोर्मोर’, म्हणजे शब्दशः आई-आई. वडिलांची आई ‘फार्मोर’, बाप-आई. आजोबा ‘मोर्फार’ आणि ‘फार्फार’. यात कुणी मूळ आणि कुणी जोडलेलं असं नाही, चौघे चार कोपऱ्यांत सारख्या अंतरावर उभे. मला ही रचना जगातल्या सगळ्यात न्याय्य रचनांपैकी एक वाटते. तुर्की भाषेतही आज्यांपुरती अशीच व्यवस्था आहे, ‘आन्नेआन्ने’ म्हणजे आईची आई आणि ‘बाबाआन्ने’ म्हणजे बाबांची आई. आजोबा मात्र दोन्हीकडचे नुसते ‘देदे’. आज्यांमध्ये फरक करावासा वाटला आणि आजोबांमध्ये वाटला नाही, याचं मला नेहमी कुतूहल वाटत आलं आहे. थाई भाषेत चौघांना चार सुटे, एकाक्षरी शब्द आहेत : वडिलांचे आईवडील पू आणि या, आईचे ता आणि याय. कुणाचंच नाव दुसऱ्याच्या नावावरून पडलेलं नाही. हिंदीतले दादा-दादी आणि नाना-नानी तुम्हाला माहीतच आहेत.

ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषा याहून पुढे जातात. वार्लपिरी भाषेतही चार आजी-आजोबांना चार शब्द आहेत. आईच्या आईला ‘जाजा’ म्हणतात. तिथल्या अशा अनेक भाषांत आजीसाठी जो शब्द तोच नातवंडासाठीही चालतो. आजीने नातीला आणि नातीने आजीला एकाच नावाने हाक मारायची. अमेरिकेतल्या मूळ भाषांतही हा प्रकार आढळतो. दोन टोकांची माणसं, मधली पिढी ओलांडून एकमेकांची नावं वाटून घेतात. तुम्ही ‘आतली’ आजी शोधत होतात ना, याहून आतली कुठे मिळणार?

दुसऱ्या प्रकारच्या भाषा फरकच करत नाहीत. स्पॅनिश आबुएला, जर्मन ओमा, ग्रीक याया, रशियन बाबुश्का, जपानी ओबासान, फिलिपिनो लोला. कुठलीही आजी, एकच शब्द. मराठीही यांतलीच. आईची आई असो की बाबांची, ‘आजी’. पण एक गंमत तुमच्या लक्षात आली का? आपल्याकडे आजी दोन्हीकडे असली तरी ‘आजोळ’ एकाच बाजूला असतं, आईच्या. म्हणजे भाषेने हाकेत भेद केला नाही आणि घराच्या बाबतीत मात्र माप तुमच्या पदरात टाकलं. वडिलांच्या आईच्या घराला असा खास शब्द मराठीत नाही. त्यावरून मराठीत बाबांची आई परकी, असा निष्कर्ष कुणी काढला तर तुम्ही हसाल. ‘वायपो’चंही तसंच आहे.

बाळाच्या गोंधळाची काळजी सोडा. माणसं वेगळी, चेहरे वेगळे, आवाज वेगळे, मग नावं वेगळी असण्यात मुलाला काहीच अवघड नाही. गोंधळ झालाच तर सगळ्यांना एकच नाव असल्याने होतो, म्हणून तर एक शब्दवाल्या भाषांत लोकांना आजीपुढे गावाचं किंवा स्वतःचं नाव लावावं लागतं. मुलांचे कान आपल्याला वाटतात त्याहून तयार असतात. पोर्तुगीजमध्ये आजोबा ‘आव्हो’ आणि आजी ‘आव्हॉ’. फरक फक्त शेवटच्या स्वरात तोंड किती उघडायचं एवढाच, आणि तिथली मुलं तो बरोबर पकडतात. जपानीत ‘ओजिसान’ म्हणजे काका किंवा मामा आणि मधला स्वर लांबवून ‘ओजीसान’ म्हटलं की आजोबा. थाई मूल चार आजी-आजोबांची चार नावं घेतं. तुमच्या नातवंडाला नायनाय आणि आजी या दोन शब्दांत काय जड जाणार आहे? घरात अनेक भाषा ऐकत वाढणारी मुलं जगात कोट्यवधी आहेत. कोणाशी कोणती भाषा, हे ती बोलायला लागता लागताच ओळखतात.

एका गोष्टीसाठी मात्र मन आधीच तयार ठेवा, कारण ती घडली तर तुम्हाला पुन्हा टोचेल. बाळ ‘आजी’च्या आधी ‘नायनाय’ म्हणण्याची शक्यता बरीच आहे. त्याचं कारण प्रेमात शोधू नका, ओठ-जिभेत शोधा. मुलांच्या तोंडून सुरुवातीला म, ब, प, न, द, त हे सोपे ध्वनी येतात आणि तेही दोनदा-दोनदा. ‘ज’ बऱ्याच मुलांना उशिरा जमतो. जॉर्ज पीटर मर्डॉक या मानवशास्त्रज्ञाने जगभरच्या भाषांतून आई आणि बाप यांच्यासाठीचे १,०७२ शब्द गोळा केले होते. त्यांचा आधार घेऊन रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली दाखवलं की एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या भाषांतही हे शब्द इतके सारखे असतात, कारण ते घडतात मुळात तान्ह्यांच्या बडबडीतून. बाळ काहीतरी बरळतं आणि जवळ असलेलं मोठं माणूस म्हणतं, मलाच हाक मारली!

आजी-आजोबांच्या शब्दांतही हाच खेळ चालतो, आणि त्यातून अशी अदलाबदल झाली आहे की बघत राहावं. ‘बाबा’ आपल्याकडे आणि तुर्कस्तानात वडील, अनेक स्लाव्ह भाषांत आजी. ‘दादा’ हिंदीत वडिलांचे वडील, मराठी आणि बंगालीत थोरला भाऊ, आफ्रिकेतल्या स्वाहिलीत चक्क बहीण. ‘नाना’ हिंदीत आईचे वडील, इंग्रजी घरांत आजी. ‘ताता’ तेलुगूत आजोबा, पोलिशमध्ये बाबा. ‘अम्मा’ तमिळमध्ये आई आणि दूर आइसलँडमध्ये आजी. जॉर्जियन भाषेत तर ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई! त्या-त्या घरात त्या आवाजाला जो माणूस ‘ओ’ देत आला, त्याचा तो शब्द झाला. म्हणून बाळाने ‘आदी’ म्हटलं, ‘दी’ म्हटलं, ‘आय्यी’ म्हटलं, तरी ताबडतोब ओ द्या. दुरुस्त करायला जाऊ नका. जगातल्या निम्म्या आज्यांची नावं अशाच चुकीच्या उच्चारांना कुणीतरी ओ दिल्यामुळे पडली असावीत.

आता जावयाशी काय बोलायचं ते. हाक मारायचा शब्द आणि उल्लेख करायचा शब्द यांत जगातल्या अनेक भाषा फरक करतात. जपानी माणूस आजीला हाक मारताना ओबासान म्हणतो आणि बाहेरच्या माणसाशी स्वतःच्या आजीबद्दल बोलताना ‘सोबो’ असा निराळा शब्द वापरतो. आपणही हाक मारताना ‘आई’ म्हणतो आणि कागदावर ‘मातोश्री’ लिहितो. या फरकाने तुमचा प्रश्न सुटतो. बाळाने तुम्हाला हाक मारायची ती ‘आजी’. जावयाच्या घरचे लोक आपसात चिनी बोलताना ‘हिची वायपो आली आहे’ असं म्हणाले तर म्हणू देत. ते त्यांच्या भाषेचं व्याकरण आहे. ते बदलायला सांगायची तुम्हाला गरज नाही. सांगू नयेच, असं मला वाटतं.

जावयाला फोन करा आणि अगदी साधं सांगा : ‘तू मला वायपो म्हटलंस, ते मला आवडलं. पण मी बाळाशी मराठीत बोलणार आहे आणि मराठीत मी आजी आहे. तू बाळाशी चिनीत बोलशील, तेव्हाही माझा उल्लेख आजी असा केलास तर मला फार आनंद होईल.’ ‘वाय’चा अर्थ त्यात काढू नका. पुढे कधी मोकळा वेळ असेल तेव्हा त्याला त्याच्या वायपोबद्दल विचारा. कशी होती, कुठे राहायची, काय म्हणायची. हे मात्र खरंच विचारा, मला यातून तुमच्या दोघांचं नातं कुठच्या कुठे जाताना दिसतं आहे. आणि त्याचं घराणं उत्तरेकडचं निघालं तर कदाचित तोच सांगेल की आमच्याकडे लाओलाओही म्हणतात. त्या शब्दात ‘बाहेर’ नाही. तुमच्या कानाला तो बरा वाटला तर उल्लेखापुरता तो घ्यायलाही हरकत नाही.

‘ग्रॅनी’ला मी नाही म्हणेन. विहीणबाईंनी ते भल्या मनाने सुचवलं आहे, हे उघड आहे, आणि त्यांना तसं आवर्जून कळवा. पण वाद टाळण्यासाठी दोघींनीही आपापला शब्द सोडायचा आणि जी भाषा दोघींपैकी एकीचीही नाही तिच्यातला घ्यायचा, यात बाळाचं दुहेरी नुकसान आहे. आजीचा शब्द एकटा येत नसतो. त्याच्या मागोमाग त्या आजीची पूर्ण भाषा येते. ‘आजी’ म्हणणारं मूल पुढे ‘आजी, गोष्ट सांग’ म्हणतं. ‘ग्रॅनी’ म्हणणारं मूल पुढचं वाक्यही इंग्रजीतच जोडेल. उद्या ते मोठं होऊन आपणहून ग्रॅनी म्हणू लागलं तर गोष्ट निराळी, तेव्हा तो त्याचा शब्द असेल.

विहीणबाईंना मराठीत बोलतानाही ‘नायनाय’च म्हणा. ‘तिकडची आजी’ किंवा ‘दुसरी आजी’ हे शब्द तुमच्या तोंडी येऊ देऊ नका. ‘बाहेर’ ऐकून काय वाटतं ते तुम्हाला आता माहीत आहे, ‘तिकडची’ त्याच घरातला शब्द आहे.

राहता राहिलं अंतर. पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की तुमच्या दुखण्याचं मूळ तिथे अधिक आहे. विहीणबाई रोज बाळाला घेणार, तुम्ही पडद्यावर. अशा मनःस्थितीत ‘बाहेर’ हा शब्द समोर आला, आणि आधीच भीती होती तिथेच तो जाऊन लागला. अंतर शब्दाने कमी होत नाही, पण शब्द रुजवायचा तर अंतरावरूनही रुजवता येतो. लेबनॉन, सीरिया भागातल्या अरबी घरांत एक रीत आहे, ती मला फार आवडते. तिथे आजीला ‘तेता’ म्हणतात, आणि आजीही नातवाला लाडाने ‘तेता’ अशीच हाक मारते. आई मुलाला ‘मामा’ म्हणते. मोठ्या माणसाने स्वतःचं नातं मुलाच्या अंगावर शालीसारखं पांघरायचं. नवख्याला विचित्र वाटतं, पण त्यामुळे मूल तो शब्द त्या माणसाच्याच तोंडून दिवसभर ऐकतं. तुम्हाला तितकं जमेल न जमेल, पण फोनवर ‘मी’ हा शब्द वर्ष-दोन वर्षं बाजूला ठेवा. ‘आजी आली. आजीला हात दाखव. आजी गाणं म्हणते.’ रोज शक्य असेल तर रोज, थोडाच वेळ, आणि सुरुवात दर वेळी एकाच वाक्याने. बाळ पडद्याकडे न बघता पाय हलवत पडलं असलं तरी म्हणत राहा. मुलीलाही सांगा की फोन नसतानाही तुमचा फोटो दाखवून ‘ही आजी’ म्हणत जा. जावयाने म्हटलं तर उत्तमच, बापाच्या चिनी वाक्यात मधेच आलेला ‘आजी’ मुलाच्या बरोबर लक्षात राहील.

आणि तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या. ‘काहीही म्हणा’ हे उत्तर नाही. ते असं म्हणाले की त्यांच्यासाठी कुणीच काही ठरवणार नाही, आणि मग ‘नायनाय’, ‘येये’ आणि ‘आजी’ या तिघांच्या मागे ते बिनहाकेचे उरतील. ‘आजोबा’ तीन अक्षरी आहे, त्यातही ‘ज’ आहे, तेव्हा तो यायला वेळ लागेल. त्यांना ‘आबा’ चालत असेल तर ‘ब’चा शब्द बाळाला लवकर जमेल, कदाचित तुमच्याही आधी. ते चालणार आहे का, हे तुम्ही दोघांनी जावयाला फोन करण्यापूर्वी ठरवून घ्या, म्हणजे दोन्ही नावं एकाच वेळी सांगता येतील.